नवी प्लेट घालूनही क्लच स्लिप का मारत होता: मोहोळ भागातल्या एका जुन्या ट्रॅक्टरचं प्रकरण

ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, वीस वर्षांच्या पुढचा. गाव मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठचं. उन्हाळ्यात मुरूम आणि शेणखताच्या खेपा, मृगाच्या आधी मशागत, आणि दिवाळी झाली की ऊस. दोन ट्रॉल्या मागं जोडून कारखान्याला ऊस घालायला लागला की शिमग्यापर्यंत त्याला विसावा नसतो. मालकांची तक्रार एका वाक्यात मावत होती: "लोड आला की इंजिन बोंबलतंय, पण गाडी म्होरं सरकंना."

एवढं ऐकून कुणीही सांगेल की क्लच स्लिप मारतोय, म्हणजे इंजिनची ताकद पुढं चाकांकडे देणारी प्लेट धरत नाही, घसरते. पण मागच्या हंगामाच्या शेवटी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी नवी क्लच प्लेट बसवून घेतली होती. तिच्यावर उन्हाळ्याचं काम आणि यंदाचा अर्धा हंगाम, एवढंच झालं होतं. नीट वापरली तर प्लेट याच्या कितीतरी पट चालते. मालक या वेळीही नवी प्लेट सोबत घेऊनच आले होते. "मिस्त्री, खोला, ही घाला आन् उद्या सोडा. टोळी फडात बसून हाय."

घाई खोटी नव्हती. टोळीला उचल दिलेली असते आणि वाहतूक थांबली की कोयतेही थांबतात. तोडून पडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. पण याच घाईत मागच्या वेळी फक्त प्लेट बदलली गेली होती. एका वर्षाच्या आत प्लेट गेली असेल तर दोष प्लेटमध्ये शोधून भागत नाही, तिच्या शेजारी काय चाललंय ते पाहावं लागतं. मालकांना मी म्हणालो, "अण्णा, आधी खोलायच्या आत काय कळतंय ते बघू. तेवढा वेळ द्या." ते तयार झाले, नाराजीनं का होईना.

खोलण्याआधी

पहिलं काम ड्रायव्हरशी बोलायचं. मालक तक्रार सांगतात, पण पाय ड्रायव्हरचा असतो. स्लिप कधी मारतो, सकाळी थंड असताना की तापल्यावर? गाडी उठताना सरळ उठते की थरथरते? जळका वास येतो का? पीटीओवर, म्हणजे मळणी यंत्रासारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, काही त्रास आहे का?

त्याची उत्तरं नेमकी होती. सकाळची पहिली खेप बरी जाते. नंतर सीनेच्या पुलाच्या चढाला इंजिनचा आवाज चढतो आणि वेग उतरतो. गाडी उठताना सगळं बॉनेट थरथरतं. वास येतो, कारखान्याच्या रांगेत तर फारच. पण दिवाळीच्या आधी सोयाबीन मळलं तेव्हा मळणी यंत्र ठणठणीत चाललं, आवाज दबला नाही की पट्टा मंदावला नाही.

या शेवटच्या उत्तरानं अर्धं काम केलं. या ट्रॅक्टरचा क्लच दुहेरी आहे. पेडल अर्धं दाबलं की चाकांकडे जाणारी ताकद तुटते, पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. आत दोन प्लेटा असतात: फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) लागून मोठी, चाकांसाठी, आणि तिच्या मागे कव्हरच्या आत छोटी, पीटीओसाठी. पीटीओ लोड घेतो आणि चाकं घेत नाहीत, म्हणजे इंजिनची ताकद शाबूत आहे आणि बिघाड बहुतेक मोठ्या प्लेटच्या वाटेवर आहे. इंजिन कमजोर असतं तर चढाला आवाज दबला असता. इथे तो चढत होता. तापल्यावर स्लिप आणि उठताना थरथर ही जोडगोळी तर मला तेलाकडे बोट दाखवणारी वाटते. नुसती झिजलेली प्लेट सहसा थंड असतानाही तितकीच घसरते आणि अशी थरथरत नाही.

मग पेडल. हातानं दाबून पट्टी लावली तर मोकळा खेळ, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल नुसतं दबतं ते अंतर, जवळजवळ शून्य. या मॉडेलला पेडलपाशी साधारण एक इंच खेळ लागतो. ड्रायव्हरनंच सांगितलं, स्लिप मारायला लागल्यावर कुणीतरी रॉड "टाइट" करून दिला. हे मी इतक्या वेळा बघतो की थोडं थांबून सांगतो. क्लच म्हणजे ब्रेक नव्हे. ब्रेक ढिला झाला तर ताणतात. क्लचचा खेळ काढून टाकला तर पेडलनं सरकणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (स्प्रिंगांच्या जोरानं क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) फिंगरवर, म्हणजे तो दाब सोडवणाऱ्या बोटांवर, कायम टेकून राहतं, स्प्रिंगांचा दाब थोडा सुटतो, आणि जो क्लच थोडा घसरत होता तो जास्त घसरतो. वर बेअरिंग आणि फिंगरची टोकंही घासून जातात. लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) झिजत जातं तसा हा खेळ आपोआप कमी होत असतो, म्हणून हंगामात अधूनमधून पट्टी लावून तो परत द्यावाच लागतो. नवी प्लेट बसली की पहिल्या काही दिवसांत तर नक्कीच.

खेळ पुन्हा एक इंच करून घेतला आणि मोकळ्या मैदानात चाचणी केली. पुढं कुणी नाही हे पाहून, दोन्ही ब्रेक लॉक करून, वरच्या गिअरमध्ये मध्यम रेसवर क्लच सोडला. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला हवं. इथं ते जरा दबलं आणि तसंच फिरत राहिलं, वास आला. लगेच पेडल दाबलं. ही चाचणी एकदाच आणि काही सेकंदांसाठी करायची. पुन्हा पुन्हा करणं म्हणजे उरलेली प्लेट आपल्या हातानं जाळणं. एवढं मात्र कळलं की दोष फक्त खेळाचा नाही.

यानंतर ट्रॅक्टरखाली झोपून बेल हाउसिंगच्या तळाचं भोक शोधलं. फ्लायव्हील आणि क्लच ज्या घरात फिरतात त्याच्या तळाशी एक छोटं भोक असतं आणि त्यात सैलसर स्प्लिट पिन लटकत असते. गाडी चालताना पिन हलते आणि भोक मातीनं बुजत नाही. आत कुठून तेल गळलंच तर ते इथून बाहेर पडावं, प्लेटवर जाऊ नये, आणि मालकाला जमिनीवर डाग दिसून सूचना मिळावी, एवढ्यासाठी ते ठेवलेलं. इथं पिन नव्हतीच. भोकात बोल्ट घट्ट बसवलेला. मालकांना विचारलं तर म्हणाले, "अंगणात तेलाचा डाग पडत होता, म्हणून बंद करून घेतलं."

बोल्ट काढला. वाटीभर तेल खाली धरलेल्या डब्यात आलं. एका क्लचच्या घरात हे फार झालं.

आता तेल कुणाचं? इथं चूक झाली तर पुढची सगळी दुरुस्ती चुकीच्या दारात होते. इंजिनच्या मागच्या बाजूला क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) सील गेलं असेल तर इंजिनचं तेल येतं, आणि डिझेल इंजिनचं तेल थोड्याच कामानंतर काळंकुट्ट होतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला त्याच्या शाफ्टचं सील गेलं असेल तर गिअरबॉक्सचं, म्हणजे ट्रान्समिशनचं, तेल येतं. डब्यातलं तेल मळकट, पण मूळ रंग पिवळसर. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकले, शेजारी इंजिनच्या तेल मोजायच्या दांडीवरचा एक आणि ट्रान्समिशनच्या दांडीवरचा एक. जुळलं ते ट्रान्समिशनशी. त्याच वेळी दिसलं की ट्रान्समिशनच्या दांडीवर तेल वरच्या खुणेच्या बरंच वर आहे.

उघडल्यावर

ट्रॅक्टर मधोमध सोडणं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करणं, ही घाईत करायची गोष्ट नाही. बॅटरीची तार काढली, डिझेलचे पाइप, वायरिंग, स्टिअरिंगचा दांडा सोडवला. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. नाहीतर सुटलेलं इंजिन आडवं होतं. मागच्या भागाखाली भक्कम घोडी, चाकांना ठोकळे, इंजिनखाली चाकांचा जॅक. दोन भागांच्या मध्ये हात घालून बोटानं चाचपायचं नाही, हे पोरांना दर वेळी बजावून सांगतो.

आतली धूळ हवेच्या नळीनं उडवली नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुफ्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या कापडानं पुसून घेतलं.

मोठी प्लेट काळी, चमकदार आणि तेलकट. पण रिव्हेटच्या डोक्यावर लायनिंग अजून चांगलं जाड होतं. म्हणजे प्लेट झिजलेली नव्हती, तेल पिऊन भाजलेली होती. छोटी पीटीओची प्लेट कव्हरच्या आत असल्यानं कडेला जरा ओलसर, बाकी कोरडी. मळणी यंत्र ठणठणीत का चाललं त्याचं उत्तर इथं मिळालं.

मालकांना प्लेट हातात दिली. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "लायनिंग तर हाय की. पेट्रोलनं धुऊन टाकली तर?" नाही चालत. माठ पाणी पितो तसं लायनिंग तेल पितं. पेट्रोलनं वरचा थर स्वच्छ दिसतो, हाताला कोरडा लागतो, आणि पहिल्या चढाला तापली की आतलं तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. काही जण प्लेट पेटवून तेल जाळतात. त्यात लायनिंगला धरून ठेवणारी राळ जळते, मग ते भुसभुशीत होऊन तुकडे सुटतात. त्यांनी आणलेली नवी प्लेट लागणारच होती. फक्त ती सगळ्यात शेवटी.

आता गळतीचा माग. या गिअरबॉक्समधून शाफ्टात शाफ्ट बाहेर येतात: आत भरीव शाफ्ट मोठ्या प्लेटसाठी, त्याभोवती पोकळ शाफ्ट पीटीओच्या प्लेटसाठी. एक सील पोकळ शाफ्टच्या बाहेरून, एक सील दोन शाफ्टच्या मध्ये. बाहेरचं सील गळलं असतं तर रिलीज बेअरिंगची बाजू आधी भिजली असती. ती बऱ्यापैकी कोरडी. तेलाची ओघळ पोकळ शाफ्टच्या तोंडातून, थेट मोठ्या प्लेटच्या मध्यावर. आतलं सील गेलेलं. बाहेर काढल्यावर त्याचं रबर कडक झालेलं, ओठावर चीर. मागच्या वेळी प्लेट बदलताना त्याला हातही लागला नव्हता. ते बघायला गिअरबॉक्सच्या तोंडाचं काम वाढतं, आणि हंगामात ते कुणालाच नको असतं. मला मात्र वाटतं की ट्रॅक्टर एकदा मधून सोडलाच तर दोन्ही सील बदलल्याशिवाय जोडू नये. सील स्वस्त, सोडजोडीची मजुरी महाग.

पण सील कडक होणं हेही पूर्ण कारण नव्हतं, कारण दांडीवरचं तेल अजून अनुत्तरित होतं. ट्रान्समिशनचा ब्रीदर काढला. तापलेल्या तेलावरची हवा बाहेर सोडणारं ते छोटं टोपण काळ्या मातीनं आणि तेलकट भुशानं पार बुजलेलं. तोंडानं फुंकर मारली तरी हवा जाईना. दिवसभर लोडवर तेल तापतं, आतली हवा फुगते, आणि जायला वाट नसली की सगळ्यात कमजोर सीलमधून तेल ढकलत बाहेर पडते. सकाळची पहिली खेप बरी आणि नंतर त्रास, यात या दाबाचाही वाटा होता.

तेल जास्त का झालं, ते ड्रायव्हरशी दुसऱ्यांदा बोलल्यावर उलगडलं. उन्हाळ्यात मुरमासाठी हायड्रॉलिक ट्रॉली जोडली होती. तिचा जॅक ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमधलंच तेल घेऊन वर चढतो. ट्रॉली उचललेली असतानाच दांडी पाहिली, तेल कमी दिसलं, वरून भरलं. ट्रॉली खाली आल्यावर जॅकमधलं तेल परत ट्रान्समिशनमध्ये आलं आणि पातळी खुणेच्या वर गेली. ज्याच्या मागं हायड्रॉलिक ट्रॉली आहे त्यानं तेल नेहमी ट्रॉली पूर्ण खाली असताना, सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून थोड्या वेळानं पाहावं.

म्हणजे साखळी अशी: जादा तेल, बुजलेला ब्रीदर, म्हातारं सील, आणि वर तळाचं भोक बंद. पहिल्या तीन गोष्टींनी तेल आत आणलं, चौथीनं ते आतच ठेवलं. माझ्या मते भोक मोकळं असतं तर अंगणातला डाग मोठा झाला असता, पण मोठ्या प्लेटवर इतकं तेल उडालं नसतं आणि मालक हंगामाच्या आधीच गॅरेजला आले असते.

दुरुस्ती

फ्लायव्हीलवर निळे डाग होते, म्हणजे घसरून भरपूर तापलेलं. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातलं तर मधे थोडा खोलगटपणा, बारीक उष्णतेच्या रेघा, पण खोल तडा नाही. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर पाठवलं. सोबत टर्नरसाठी चिठ्ठी लिहून दिली, आणि ती चिठ्ठी महत्त्वाची आहे. या फ्लायव्हीलमध्ये प्लेट बसते तो भाग खोलात आणि कव्हर बसतं ती कड उंच असते. नुसता आतला भाग तासला तर प्लेट खोल जाते, कव्हर मात्र होतं तिथंच राहतं, प्रेशर प्लेट पूर्ण दाबत नाही, आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून घसरते. आतून जितकं काढलं तितकंच कडेवरूनही काढावं लागतं. नवं काम करूनही क्लच धरत नाही अशी तक्रार आली की मी आधी फ्लायव्हील कुठं तासलं ते विचारतो.

प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा काढून सपाट फळीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन स्प्रिंगा बाकीच्यांपेक्षा उघड बुटक्या, रंगही निळसर. तापून त्यांचा ताण उतरलेला. एक-दोनच बदलल्या तर दाब एकीकडे जास्त, एकीकडे कमी पडतो, म्हणून सगळा संच बदलला. फिंगरची टोकं रिलीज बेअरिंगनं घासून सपाट केलेली, तीही बदलली. बेअरिंग हातात फिरवलं तर खरखर. शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमध्ये पेलणारं पायलट बेअरिंगही नवं.

शाफ्टवर सीलचा ओठ जिथं घासत होता तिथं नख अडकेल अशी रेघ होती. त्याच रेघेवर नवं सील बसवलं तर काही दिवसांत पुन्हा गळती. खोबणीत जागा होती, म्हणून नवं सील दीडेक मिलिमीटर अलीकडे बसवलं, म्हणजे ओठ शाफ्टच्या गुळगुळीत भागावर आला. बसवताना शाफ्टच्या चऱ्यांवर (प्लेट ज्यांत अडकते त्या लांब खाचांवर) चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर चऱ्यांच्या धारेनं नव्या सीलचा ओठ आत जातानाच कापतो.

मालकांची नवी प्लेट बसवण्याआधी शाफ्टवर सरकवून पाहिली, चरे जुळतात ना, अडकत नाही ना. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ते पक्कं केलं. उलटी बसली तर बोअरचा (मधल्या चरेदार भोकाभोवतीचा) उंच भाग फ्लायव्हीलच्या बोल्टवर घासतो. चऱ्यांना ग्रीस अगदी पुसट लावलं. इथं सढळ हातानं ग्रीस लावलं की ते फिरताना उडतं आणि लायनिंगवर जातं, मग आपणच तेलाचं काम केल्यासारखं होतं. डमी शाफ्ट घालून प्लेटा मधोमध धरल्या, कव्हर आळीपाळीनं आवळलं, आणि गेज लावून सगळ्या फिंगरची उंची एकसारखी केली. एखादी फिंगर पुढं-मागं राहिली तर गाडी उठताना थरथरते, आणि मग लोक पुन्हा प्लेटला दोष देतात.

जोडताना शेवटचं बोटभर अंतर अडलं. अशा वेळी बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलं की प्लेटचं बोअर वाकतं किंवा घराचा कान तुटतो. फ्लायव्हील थोडं फिरवलं, मागून पीटीओचा शाफ्ट हलवला, चरे जुळले आणि दोन्ही भाग हातानं मिळाले. मग बोल्ट.

ब्रीदर डिझेलमध्ये धुऊन फुंकर सहज जाईपर्यंत साफ केला. तेल खुणेवर आणलं. तळाच्या भोकात नवी स्प्लिट पिन सैल लटकवली. पेडलला एक इंच खेळ.

मैदानात पुन्हा तीच चाचणी. क्लच सोडला आणि इंजिन तिथंच बंद पडलं.

सोडताना मालक आणि ड्रायव्हर दोघांनाही सांगितलं की पहिल्या काही दिवसांत दोन भरल्या ट्रॉल्या ओढायच्या नाहीत, एकच जोडा. लायनिंग फ्लायव्हीलवर बसू द्या. मालक म्हणाले, "हंगामात एक ट्रॉली परवडंना." पण टोळीच्या मुकादमाशी बोलून त्यांनी तेवढं केलं. ड्रायव्हरला एक सवय मोडायची होती. कारखान्याच्या वजनकाट्यापाशी रांग हातभर पुढं सरकते आणि तो अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायचा. रांगेत न्यूट्रल करून पाय पेडलवरून पूर्ण काढून ठेवायचा, आणि फडातून बाहेर पडताना बांधावर क्लच तापवायचा नाही, खालचा गिअर टाकून एकदाच सोडायचा.

सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर ट्रॅक्टर पुन्हा पाहायला आणवला. लायनिंग बसल्यामुळं पेडलचा खेळ थोडा कमी झाला होता, तो परत दिला. तळाची पिन हलवून पाहिली. भोकातून एक थेंबही आला नाही. सीनेच्या पुलाचा चढ दोन भरल्या ट्रॉल्यांसह एकाच गिअरवर चढतो, असं ड्रायव्हर म्हणाला. ब्रीदर मात्र पुन्हा मातीनं अर्धा बुजत आला होता, तो तिथंच साफ केला आणि दर महिन्याला साफ करायचं काम ड्रायव्हरकडे दिलं.